अल्कलिनिटीसाठी पीएच मीटर: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पुण्यातील आमच्या लहान प्रयोगशाळेत खडकवासला धरणाचे आणि आसपासच्या बोअरवेलचे पाणी नियमितपणे तपासणीस येते. अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल निष्प्रभ करण्याची क्षमता; ती मोजायला नमुन्यात ब्युरेटमधून (मापाच्या नळीतून) थोडे थोडे आम्ल सोडतात आणि ते पुरेसे झाले तो क्षण, म्हणजे अंत्यबिंदू, ओळखतात. त्यासाठी आम्ही अनेक वर्षे मिथाइल ऑरेंज हा रंग बदलणारा दर्शक वापरत होतो. गेल्या जूनपासून मात्र कंबाइन्ड ग्लास इलेक्ट्रोडचा (पाण्यात बुडवायच्या काचेच्या दांड्याचा) पीएच मीटर आणि मॅग्नेटिक स्टिरर (चुंबकाने ढवळणारे यंत्र) घेऊन काम सुरू केले.

कारण सरळ होते. फ्लास्कखाली पांढरी फरशी ठेवूनही पिवळा रंग नारिंगीकडे नेमका केव्हा झुकला, यावर आमचे एकमत होत नसे. संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात एकाच नमुन्यावर दोघांच्या ब्युरेट वाचनात 0.3 मिलीचा फरक पडे. 100 मिली नमुना आणि 0.02 नॉर्मल तीव्रतेचे सल्फ्युरिक आम्ल घेतले, तर 1 मिली आम्ल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने लिटरला 10 मिलिग्रॅम. बोअरवेलच्या नमुन्याला 30 मिलीच्या आसपास आम्ल लागते, त्यात हा फरक विरून जातो. धरणाच्या पाण्याला जेमतेम 4 मिली लागते, तिथे तोच फरक सात-आठ टक्क्यांचा होतो.

शिवाय अल्कलिनिटी कमी असली की खरा अंत्यबिंदू पीएच 4.9 च्या जवळ असतो आणि जास्त असली की 4.3 कडे सरकतो. रंगाच्या भरवशावर पीएच 4 पर्यंत गेल्यास केवळ मोकळ्या हायड्रोजन आयनांपायी लिटरला सुमारे 5 मिलिग्रॅम जास्तीचे मोजले जातात. म्हणून आता आम्ही धरणाच्या नमुन्यांसाठी पीएच 4.5 च्या खाली आम्ल थोडे थोडे टाकत वाचने घेतो आणि रसायनशास्त्रज्ञ गुन्नार ग्रान यांच्या 1952 मधील पद्धतीने आलेख काढतो: एकूण आकारमान गुणिले हायड्रोजन आयनांचे प्रमाण, आणि समोर टाकलेले आम्ल. सरळ रेषा मागे वाढवून ती शून्याला जिथे मिळते, तिथे अंत्यबिंदू. ही रेषा पहिल्यांदा नीट जुळली तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो.

मीटरने त्रासही दिला. तिसऱ्या महिन्यात वाचन स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटे लागू लागली, आणि शोध घेतल्यावर कळले की इलेक्ट्रोड रात्रभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवला जात होता. तो 3 मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवायला लागल्यावर सुधारणा झाली, तरी कमी क्षार असलेल्या पाण्यात तो अजूनही सावकाशच चालतो, त्यामुळे घाई केल्यास आकडा चुकतो. बदली इलेक्ट्रोड मागवला, तर टोपीतले द्रावण वाळलेल्या अवस्थेत तो हातात पडला. विक्रेत्याने तो बदलून द्यायला महिना लावला.

रोज सकाळी 4.01 आणि 7.00 च्या ताज्या बफरने (ठरलेल्या पीएचच्या द्रावणांनी) कॅलिब्रेशन, आणि आठवड्यातून एकदा वाळवलेल्या सोडियम कार्बोनेटने आम्लाचे प्रमाणीकरण (त्याची नेमकी तीव्रता ठरवणे), एवढे मात्र टाळता येत नाही. धरणाच्या पाण्यासाठी मी हा मीटर निःसंकोच सुचवेन. बोअरवेलचे तीस नमुने एका दिवसात उरकायचे असतील, तेव्हा आम्ही अजूनही मिथाइल ऑरेंजचीच बाटली काढतो.