रिकनबॅकर ‘फ्राइंग पॅन’ ए-२२ : पहिल्या पिढीच्या इलेक्ट्रिक गिटारचे परीक्षण

१९३२ मध्ये बाजारात आलेली ही लॅप स्टील गिटार. मांडीवर आडवी ठेवून डाव्या हातातली पोलादी कांब तारांवर सरकवत वाजवायची. मान आणि गोल अंग ॲल्युमिनियमच्या एकाच ओतकामातले, तारेची लांबी २२.५ इंच.

खरी कमाल जॉर्ज बीचम (Beauchamp) यांनी घडवलेल्या पिकअपची, म्हणजे तारांच्या कंपनांचे विजेत रूपांतर करणाऱ्या भागाची. घोड्याच्या नालेच्या आकाराचे दोन चुंबक तारांना वरून कवेत घेतात. खाली एक कॉइल (तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे) आणि प्रत्येक तारेला स्वतंत्र ध्रुव. पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलते, कॉइलमध्ये वीज उमटते. आवाज भरदार, खणखणीत. आजही हेवा वाटावा असा!

उणिवा मात्र ठळक आहेत. रंगमंचावरच्या दिव्यांनी ॲल्युमिनियम तापून प्रसरण पावते आणि सूर सरकतात. म्हणून वाजवण्याआधी वाद्य दिव्यांखाली तापू द्यावे, मगच सूर जुळवावेत. कॉइल एकच असल्याने विजेची घरघर येते. वाद्य थोडे फिरवले की कमी होते. पिकअपच्या अगदी वर तार छेडता येत नाही, चुंबक आड येतात. जुना नग घेताना चुंबकांची ताकद जरूर तपासा. ती ओसरली असेल, तर आवाज दुबळा पडतो. पुन्हा चुंबकित करून घेता येते.