खासगी जेट, परमिटचे जेट की चार्टर?

"घसारा 40 टक्के आहे ना? मग घेऊनच टाकू." जेटचा विषय निघाला की उद्योजकाचे पहिले वाक्य बहुधा हेच असते. दर खरा आहे. 1961 च्या आयकर कायद्याखालच्या नियमांत विमानाला तेवढा घसारा आहे, म्हणजे शिल्लक किमतीचा तेवढा भाग दरवर्षी खर्च म्हणून दाखवता येतो. (नवा कायदा 1 एप्रिल 2026 पासून आला, तरी सगळ्यांच्या तोंडी जुनीच कलमे आहेत, म्हणून मीही तीच वापरतो.) पण खरा हिशेब जीएसटीचा आणि लॉगबुकचा, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीचा, आहे.

समजा, पुण्यातली एक कंपनी 60 कोटींचे विमान बघते आहे. तिच्यापुढे तीन वाटा आहेत. खासगी नोंदणी करून स्वतःपुरते ठेवायचे. डीजीसीए या हवाई वाहतूक नियामकाचे नॉन-शेड्यूल्ड परमिट (एनएसओपी), म्हणजे ठरावीक वेळापत्रकाशिवाय विमानसेवा देण्याचा परवाना, काढून विमान भाड्याने चालवायचे. नाहीतर विकत न घेता लागेल तेव्हा चार्टर करायचे, म्हणजे दुसऱ्याचे विमान भाड्याने घ्यायचे.

खासगी वाट ऐकायला सोपी आणि करात सगळ्यांत महाग. खासगी वापराच्या विमानावर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे. त्याआधी 28 टक्के आणि वर 3 टक्के उपकर होता. 60 कोटींवर 24 कोटी झाले. कंपनीच्या कामाचे विमान 'खासगी' कसे, असा वाद घालता येतो, पण परमिट नसेल तर ते खासगीच धरले जाणार असे समजून आकडे मांडावेत. शिवाय सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) कायद्याच्या कलम 17(5) ने क्रेडिट, म्हणजे भरलेला जीएसटी स्वतःच्या देण्यातून वळता करून घेणे, अडवले आहे, खरेदीचे तसेच विम्याचे आणि दुरुस्तीचेही. हे 24 कोटी किमतीत धरून त्यावर घसारा मिळतो, हे खरे. पण 25.17 टक्के कर भरणाऱ्या कंपनीला त्यातून सगळ्या वर्षांचे मिळून परत येतात जेमतेम 6 कोटी. आणि घेतल्या वर्षी विमान 180 दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर त्या वर्षी घसारा निम्माच. मार्चअखेरीला डिलिव्हरीची घाई करणाऱ्यांना हे कुणी आधी सांगत का नाही, देव जाणे.

परमिटच्या वाटेवर हेच विमान 5 टक्क्यांत येते, म्हणजे 3 कोटी, आणि प्रवासी वाहतुकीसाठी असल्याने त्याचे क्रेडिटही मिळते. आयात शुल्कातही सवलत आहे. इथेच मोह होतो. परमिट काढायचे आणि विमान मालकानेच फिरवायचे! नेमका हाच आरोप ठेवून कस्टम्सने नोटिसा काढल्या आणि समूहातल्याच कंपन्यांना दिलेली सेवा भाड्याची की घरची, यावर वर्षानुवर्षे खटले चालले. परमिट घ्यायचे तर धंदा खरा हवा: वैमानिक, देखभाल, सुरक्षेची माणसे, आणि प्रत्येक उड्डाणाचे बिल. मालक बसला तरी बिल बाजारभावाने, जीएसटीसकट.

लॉगबुक कसे वाचले जाते ते पाहा. सोमवार, पुणे–दिल्ली: एमडी, सीएफओ, वकील. इथे कुणी बोट ठेवणार नाही. शुक्रवार, पुणे–गोवा: एमडी, वहिनी, दोन मुले, मुलांचा एक मित्र. रविवारी तेच पाच जण परत. मधल्या शनिवारी मडगावच्या डीलरबरोबर जेवण झाले म्हणून ही फेरी धंद्याची होत नाही. विमान कंपनीच्या खर्चात असेल तर कलम 38(2) ने तेवढ्या प्रमाणात घसारा कापला जाऊ शकतो, इंधन-पार्किंगचा वाटाही जाऊ शकतो, आणि वर हा लाभ डायरेक्टरच्या हातात पर्क्विझिट, म्हणजे पगाराबरोबरची सुविधा, म्हणून करपात्र ठरतो. दोन्हीकडून मार.

चार्टरबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, हाच त्याचा गुण. 18 टक्के जीएसटी, क्रेडिट सहसा नाही, पण कामाच्या फेरीचे बिल थेट खर्चात टाकता येते. रिकामे विमान आणण्याचे पैसे मोजताना जीवावर येते. तरी वैमानिकांचे पगार आणि हँगरचे भाडे आपल्या डोक्यावर नसते.

इंधनावरचा व्हॅट तिन्ही वाटांवर सारखाच बोचतो, कारण विमानाचे इंधन जीएसटीबाहेर आहे. महाराष्ट्राने 2023 मध्ये मुंबई, पुणे, रायगडसाठी तो 25 वरून 18 टक्क्यांवर आणला, एवढाच दिलासा.

विकण्याचाही विचार आधीच करावा. विक्रीची रक्कम घसाऱ्याच्या ब्लॉकमधून, म्हणजे एकाच दराच्या मालमत्तांच्या शिल्लक किमतीतून, वजा होते, आणि ती शिलकीपेक्षा जास्त भरली तर वरचा भाग अल्पकालीन नफा. उभे राहिलेले विमान मात्र झपाट्याने किंमत घालवते. सेवाकर विभागाने जप्त केलेले विजय मल्ल्यांचे एअरबस ए319 मुंबईत पडून राहिले, लिलावांमागून लिलाव फसले आणि शेवटी 2018 मध्ये ते साधारण 35 कोटींना गेले.

माझे मत विचाराल तर ऑर्डर देण्याआधी गेल्या दोन वर्षांची प्रवासाची डायरी काढा आणि कामाच्या फेऱ्यांवर हिरवी, घरच्यांवर लाल खूण करा. लाल खुणा बऱ्याच असतील तर चार्टरच घ्या आणि घरच्या फेऱ्यांचे बिल स्वतःच्या खिशातून भरा. हिरव्या भरपूर असतील आणि बाकीचे दिवस विमान खरोखरच दुसऱ्यांना भाड्याने देण्याची तयारी असेल, तरच परमिटच्या वाटेला जा.