नोटीस पिरियडमध्ये आलेली ऑफर आणि "आज सहाच्या आत भरा"

ज्यांची नोकरी गेलीय किंवा नोटीस पिरियड चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय, आणि त्यांच्या घरच्यांसाठी पण. माझ्या धाकट्या भावाला खोट्या ऑफरच्या नावाखाली जवळजवळ ५१ हजारांना फसवलं. तो हिंजवडीत आयटीत होता, बारा वर्षांचा अनुभव, शिकलेला, रोज यूपीआय वापरणारा मुलगा. म्हणजे "आमच्या घरात असं होणार नाही" असं वाटत असेल तर प्लीज पुढे वाचा.

कंपनीत लेऑफ झाला, त्याचं नाव आलं. घरी होम लोनचा हप्ता, भावजयेची डिलिव्हरी तोंडावर, आणि कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम लास्ट वर्किंग डेपर्यंतच. त्याने जॉब पोर्टलवर रेझ्युमे अपडेट करून 'इमिजिएट जॉइनर' टाकलं आणि लगेच एका बाईचा फोन आला, एका मोठ्या कंपनीच्या एचआरमधून बोलतेय म्हणाली. मागे बाकीच्यांचे फोन चालू असल्याचे आवाज, बोलणं एकदम प्रोफेशनल. पहिल्याच कॉलवर तिने विचारलं लास्ट वर्किंग डे कधी, घरी डिपेंडंट किती, काही ईएमआय आहे का, म्हणजे जॉइनिंग लवकर लागेल का. एचआरवाले असले प्रश्न विचारतातच म्हणून त्याने सगळं सांगितलं.

मला सगळ्यात जास्त राग ह्याचाच येतो. त्याने सांगितलेली प्रत्येक अडचण पुढे त्याच्यावरच वापरली. ऑफर लेटरमध्ये जॉइनिंगची तारीख बरोबर लास्ट वर्किंग डेच्या दुसऱ्या दिवशीची, आणि मेडिक्लेममध्ये मॅटर्निटी पहिल्या दिवसापासून कव्हर असं वेगळ्या ओळीत लिहिलेलं. पगार पण दुप्पट वगैरे नव्हता हो, आधीपेक्षा थोडासाच जास्त. लोक म्हणतात हावरटपणा केला की माणूस फसतो, पण इथे हाव कुठे होती, बिचाऱ्याला हप्ता भरायचा होता आणि बायकोचं बाळंतपण नीट व्हायला हवं होतं.

इंटरव्ह्यू पण झाला बरं का. व्हिडिओ कॉलवर, समोरच्याचा कॅमेरा बंद, पण प्रश्न खरंच टेक्निकल, जावा आणि डेटाबेसवर बराच वेळ खोदून विचारलं. त्यामुळे त्याचा विश्वास पक्का बसला.

मग पैसे सुरू झाले. आधी रजिस्ट्रेशनचे १,९५० रुपये. मग बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचे ६,४०० रुपये. मग लॅपटॉपचं सिक्युरिटी डिपॉझिट १८,५०० रुपये. मग सॅलरी अकाउंट ॲक्टिव्हेशन आणि बाँड म्हणून २४,००० रुपये. प्रत्येक वेळी "पहिल्या पगारात रिफंड होणार सर" आणि प्रत्येक वेळी वेळ कमी कमी होत गेली. पहिल्याला दोन दिवस दिले होते, दुसऱ्याला उद्या दुपारपर्यंत, शेवटच्याला "आज सहाच्या आत भरा, सिस्टीम बंद होते, मग तुमची सीट वेटिंगवरच्या कॅन्डिडेटला जाईल, मी काही करू शकणार नाही". आणि वर हे पण की ऑफर कॉन्फिडेन्शियल आहे, जॉइनिंगपर्यंत कुणाशी शेअर केली तर कॅन्सल होते. म्हणून त्याने घरात कुणालाच सांगितलं नाही, बाबांना नाही, मला नाही, बायकोला पण "ऑफर आलीय" एवढंच.

नंतर आम्ही सगळं समोर ठेवून बघितलं तेव्हा दिसलं की ईमेलच्या पत्त्यात @ च्या पुढे कंपनीचं नाव होतं पण त्याला डॅश मारून करिअर जोडलेलं, कंपनीच्या खऱ्या वेबसाइटचं डोमेन वेगळंच आहे. पैसे भरताना यूपीआयवर बँकेत नोंद असलेलं नाव दिसतं ना, ते कंपनीचं नव्हतंच, कुठल्या तरी ट्रेडर्सचं होतं, आणि विचारल्यावर बाई म्हणाली ते आमचे पेमेंट पार्टनर आहेत. व्हेरिफिकेशनचा खर्च कंपनी करते, लॅपटॉप कंपनी देते, नोकरी देणारा उमेदवाराकडून पैसे मागत नाही, हे त्याला आधीपासून माहीत होतं. सहा वाजायला पंधरा मिनिटं असताना ते आठवत नाही, आठवू नये म्हणूनच सहा वाजता ठेवलेलं असतं.

पाचव्यांदा पैसे मागितले तेव्हा खात्यात नव्हते म्हणून त्याने मला फोन केला, "ताई, तीस हजार टाकतेस का, अर्जंट आहे". कशाला विचारल्यावर गप्प झाला. मी म्हटलं ऑफर लेटर पाठव आणि फोन ठेवू नकोस. कंपनीच्या वेबसाइटवरचा बोर्ड नंबर काढून लावला, त्यांनी सांगितलं की अशी ऑफर आमच्याकडून गेलेलीच नाही.

तिथून लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. हा नंबर पाठ करा. त्यांनी बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि प्रत्येक ट्रान्झॅक्शनचा यूटीआर नंबर विचारला, तो १२ आकडी असतो आणि यूपीआय ॲपच्या हिस्ट्रीत मिळतो, आधीच काढून ठेवलात तर वेळ वाचतो. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार पूर्ण केली, चॅटचे स्क्रीनशॉट, लेटर, सगळं जोडलं. शेवटच्या २४ हजारांपैकी १७ हजार समोरच्या खात्यात होते ते होल्ड झाले, आधीचे तीन हप्ते तोवर पुढे कुठेकुठे फिरवून काढून घेतले होते. म्हणजे जो हप्ता ताजा होता तोच थोडाफार अडला. होल्डवरच्या पैशांसाठी कोर्टाची ऑर्डर लागेल असं पोलिसांनी सांगितलंय, ते काम चालू आहे.

कागदपत्रांचं लोक विसरतात. त्याने आधार, पॅन, कॅन्सल्ड चेक सगळं पाठवलं होतं. आम्ही आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं आणि क्रेडिट रिपोर्ट काढून बघितला की त्याच्या नावावर कुठलं लोन तर उचललं नाही ना. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

आणि ज्या दोन गोष्टींच्या भीतीने तो धावत होता त्यांचं काय झालं ते पण सांगते. ग्रुप मेडिक्लेममधून त्याच इन्शुरन्स कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, पण नोकरी सुटायच्या आधीच विचारावं लागतं आणि मॅटर्निटी त्यात येते का हे वेगळं विचारावं लागतं. त्याच्या पॉलिसीत नाही आली, मग बाबांनी डिलिव्हरीचे पैसे बाजूला काढून ठेवले. हप्त्यासाठी एक एफडी मोडली. दोन्ही गोष्टी घरात बसून एका संध्याकाळी ठरल्या. हे आधी झालं असतं तर त्या बाईच्या सहा वाजण्याची त्याला भीतीच वाटली नसती, असं मला मनापासून वाटतं.

आता नवीन प्रकार सुरू झालाय. तक्रार केल्यावर थोड्याच दिवसांत एकाचा फोन आला, सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे रिकव्हर झालेत, फक्त प्रोसेसिंगचे ३,००० भरा, आजच. भावाने तक्रारीचा नंबर विचारला तर फोन कट. पैसे परत मिळवून देतो म्हणून जो कुणी आधी पैसे मागेल त्याचाही नंबर आणि कॉलची वेळ लिहून ठेवा आणि त्याच तक्रारीत जोडा, आम्ही जोडलाय.