आधी १४४१६ की थेट सिव्हिल?

नाशिकच्या सातपूर-अंबडला पाळ्यांत काम करणाऱ्या पुरुषाला मन खचलं तर १४४१६ सोपा. टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन २०२२पासून आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतून. रात्रपाळीहून आल्यावर गच्चीवरून बोला, ओळखीचं कोणी भेटायची धास्ती नाही. पण या त्रासामागे थायरॉइड आहे का, हे बघायची रक्ततपासणी फोनवर कशी होणार?

त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलला केसपेपर, रांग, कामाचा खाडा. तरी दोन आठवडे झोप उडालीय, चिडचिड वाढलीय, रोज क्वार्टर लागतेय असं असेल, तर माझं मत सिव्हिलच. (पुरुषांचं नैराश्य बरेचदा रागातूनच दिसतं.) गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, मनाने बंद करू नका.

जीव द्यायचे विचार येत असतील तर तुलना सोडा: आत्ताच फोन, आणि कुणाला तरी सोबत घेऊन तातडीने दवाखाना.