लक्झरहून एक दिवस हाताशी: अबायडॉस की देंदेरा?

इजिप्तमधली ही दोन्ही प्राचीन देवळं नाईलच्या पश्चिम काठावर, पण लक्झरहून देंदेरा साधारण ६० किलोमीटरवर आणि अबायडॉस १६० च्या आसपास. देंदेरा अर्ध्या दिवसात उरकतं, अबायडॉसला पहाटे निघावं लागतं.

कोरीवकामात अबायडॉस सरस, यात वाद नाही. फेरो (इजिप्तचा राजा) सेती पहिला याच्या काळातलं (इ.स.पू. १३ वं शतक) आतलं काम उठावाचं आहे: आकृतीभोवतीचा सगळा चुनखडक तासून काढायचा, म्हणून मेहनत जास्त आणि रेषा नाजूक. पुढच्या दालनात त्याचा मुलगा रामसेस दुसरा याने आकृती खोलगट खोदल्या. काम झटपट होतं, पण नजाकत जाते. फरक पाहायचा तर टॉर्च भिंतीलगत तिरका धरा. समोरून प्रकाश टाकला की उठाव सपाट दिसतो. भिंतीवर कोरलेली ७६ राजांची यादीही इथलीच. तिच्यात हॅत्शेप्सूत, अखेनातेन, तुतनखामेन यांना चक्क वगळलंय.

देंदेराचं हाथोर देवीचं मंदिर टॉलेमी (इजिप्तवर राज्य केलेलं ग्रीक घराणं) आणि रोमन काळातलं, म्हणजे हजारेक वर्षांनी नवं. आकृत्या गुबगुबीत, भिंती मजकुराने खच्चून भरलेल्या. स्तंभांवरचे हाथोरचे चेहरे नंतर छिन्नीने विद्रूप केलेत. पण काजळी काढल्यावर उजळलेलं निळं छत आणि भिंतींत दडलेली तळघरं अबायडॉसला नाहीत. गच्चीवरचं राशिचक्र मात्र प्रतिकृती आहे; मूळ पॅरिसच्या लूव्ह्रमध्ये.

चित्रकला-शिल्पकलेचे विद्यार्थी असाल तर अबायडॉस. मुलं, वयस्कर मंडळी सोबत असतील किंवा अख्खं, छतासकट उभं देऊळ बघायचं असेल तर देंदेरा.