फ्रान्समधल्या खेड्यात राहायचंय: बोस की ओब्राक?

पॅरिस उरकून चार-पाच दिवस एखाद्या शेतकरी गावात काढायचे असतील, तर माझ्या यादीत दोनच मुलुख आहेत. एक पॅरिसच्या नैर्ऋत्येचं बोसचं मैदान, दुसरं दक्षिणेकडचं ओब्राकचं पठार.

बोस गाठायला सोपं. मोंपार्नास स्टेशनवरून शार्त्रला रेल्वेने साधारण तासभर लागतो. इथे सगळी गव्हाची सपाटी, झाड औषधालाही नाही. शार्त्रच्या कॅथेड्रलचे दोन उंच मनोरे कित्येक किलोमीटरवरून पिकाच्या वर दिसतात. एप्रिलमध्ये रेपसीड, म्हणजे मोहरीच्या जातीचं तेलबियांचं पीक, पिवळंधमक फुलतं, जुलैत हार्वेस्टर रात्री दिवे लावून कापणी करतात. पण गावात माणूस भेटणं मुश्कील! शंभर हेक्टरवरची शेती इथे नवलाची नाही आणि ती एखाद-दुसरा माणूस यंत्रांवर सांभाळतो. वाड्यांना उंच भिंती, दरवाजे बंद. फोटो छान येतात, गप्पा मात्र होत नाहीत. दोन दिवस पुरे.

ओब्राकला पोचणं जिकिरीचं आहे, पण राहायला मी तेच निवडीन. हजार ते चौदाशे मीटर उंचीचं हे पठार आव्हेरों, लोझेर आणि कांताल या तीन जिल्ह्यांत पसरलंय. दगडी गडगे, मोकळी कुरणं आणि बदामी रंगाच्या गाई. त्यांच्या डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी कड असते. 25 मेच्या सुमारास गाई उन्हाळी चराईसाठी वर चढतात. शिंगांवर फुलं नि झेंडे, गळ्यात मोठाल्या घंटा, मागे अख्खं गाव. बैलपोळ्याची आठवण येतेच. ऑक्टोबरच्या मध्याला त्या खाली परततात. कुरणातल्या दगडी झोपड्यांत, म्हणजे ब्युरोंमध्ये, पूर्वी गुराखी उन्हाळाभर राहून चीज करायचे. आज त्यातल्या काहींमध्ये जेवण मिळतं. तिथे आलिगो खा: उकडलेल्या बटाट्याच्या लगद्यात ताजं चीज घोटतात आणि लाकडी चमच्याने ते हातभर ताणून ताटात वाढतात. सोबत सहसा सॉसेज असतं, ते नको म्हणून आधीच सांगा. कडक शाकाहारी असाल तर पारंपरिक चीजमध्ये दूध साकळवायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, हेही लक्षात घ्या. फ्रान्समधल्या ल प्युईहून स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थक्षेत्राला जाणारी पदयात्रेची वाटही याच पठारावरून जाते. त्यामुळे सें-शेलीसारख्या चिमुकल्या गावातही मुक्कामाची सोय असते आणि रात्रीच्या पंगतीत बोलायला कोणीतरी भेटतं.

हिवाळ्यात मात्र तिकडे फिरकू नका. बर्फ आणि बोचरा वारा असतो, बरीचशी हॉटेलंही बंद.

दोन्हीकडे गाडी हवीच. इंटरनॅशनल परमिट भारतातूनच काढून न्या. दुपारी बारा ते दोन दुकानं बंद आणि दुकानात शिरताना ‘बॉंझूर’ म्हटलं नाही तर समोरच्याचा चेहरा पडतो. मेअखेरचं ओब्राक ठरवलंत तर खोली काही महिने आधीच धरा. जुलै-ऑगस्टमध्ये घर भाड्याने घेणार असाल तर ते बहुधा शनिवार ते शनिवारच मिळतं, त्या हिशेबाने विमानाचं तिकीट काढा.