खडावा करवून घेताना: खुंटी की पट्टा, सागवान की शिवण

खडावा करवून घ्यायचे ठरले की माणूस आधी वखार गाठतो आणि ‘लाकूड कोणते घ्यावे’ असे विचारू लागतो. माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. त्या घालून रोज किती पावले चालायचे आहे, हे आधी ठरवावे. कारण न्हाणीघरापासून देवघरापर्यंतच्या वीस-पंचवीस पावलांसाठी जी खडाव उत्तम ठरते, तीच अंगणात, गोठ्यात किंवा वाड्याच्या पायऱ्यांवर घालू लागलात तर आठ दिवसांत कोपऱ्यात जाऊन पडते. केवळ पूजेत ठेवण्यासाठी जोड हवा असेल तर पुढचा बराचसा विचार करण्याचे कारण नाही. मागणी सांगताना मात्र शब्द नीट वापरावा. औदुंबर या दत्तक्षेत्रातल्या विमल पादुका म्हणजे पूजेतली पदचिन्हे, आणि पायात घालायची ती खडाव. सुताराकडे नुसते ‘पादुका पाहिजेत’ म्हटले तर तो पूजेचा छोटा जोड करून ठेवण्याची शक्यता असते.

पायात घालायच्या खडावांचे दोन मुख्य प्रकार आहेत. खुंटीच्या खडावेत अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट यांच्यामध्ये एक गोल डोक्याची खुंटी असते आणि पायाला दुसरा कसलाच आधार नसतो. प्रत्येक पाऊल उचलताना सगळे वजन दोन बोटांच्या चिमटीवर येते, म्हणून चाल आपोआप संथ होते आणि सवय नसलेल्याची बोटे पहिल्या दिवशीच भरून येतात. पट्ट्याच्या खडावेत चवड्यावरून रबराची किंवा नवारीची पट्टी जाते, त्यामुळे वजन पायाच्या सगळ्या रुंदीवर वाटले जाते आणि चालणे पुष्कळ सुसह्य होते. परंतु कातडे टाळून सोवळ्यात वापरता यावे हाच खडावेचा मूळ हेतू असेल, तर पट्टी कातड्याची नको हे सुताराला स्पष्ट सांगावे लागते. नवार ओली राहिली की कुबट वास धरते. रबर टिकते, पण घट्ट बसवले तर पायावर वळ उठवते. पट्टी खिळ्यांनी ठोकू देऊ नये, कारण ओल्या पायांमुळे खिळा गंजतो आणि बाभळीसारख्या तुरट लाकडात त्याभोवती काळा डाग पसरतो. पितळी स्क्रू थोडे महाग पडतात, पण ते घालावेत.

खुंटीचीच खडाव घ्यायची असेल, तर पारख लाकडाची करण्याआधी खुंटीची करावी. चांगली खुंटी कातारीकडून कातून घेतलेली असते: डोके कुड्याच्या कळीसारखे गुळगुळीत, मान बारीक, आणि दांडा तळाच्या आरपार जाऊन खालून किंचित दिसणारा. त्या दांड्याच्या खालच्या टोकाला करवतीने चीर पाडलेली असते आणि तिच्यात पाचर ठोकलेली असते. खडाव उलटी करून ही पाचर कोणत्या दिशेने बसली आहे ते पाहावे. तळाच्या लाकडाचे रेषे टाचेकडून बोटांकडे जातात. पाचर या रेषांना आडवी बसवली, तर तिचा दाब रेषांच्या लांबीच्या दिशेने जातो आणि लाकूड तो सोसते. पाचर रेषांना समांतर असेल, तर तीच तळ फाडण्याचे काम करते. नुसत्या सरसाने चिकटवलेली खुंटी पहिल्या पावसाळ्यातच हातात येते.

आता लाकूड. सुमारे २५ सेंटीमीटर लांब, ९ सेंटीमीटर रुंद आणि ४ सेंटीमीटर जाड ठोकळ्यातून, पुढचा व मागचा खूर ठेवून मधले लाकूड काढले, की जवळजवळ अर्धे लाकूड उरते. त्या हिशेबाने सागवानाची एक खडाव तीनशे ग्रॅमच्या आसपास, शिसवीची चारशेच्या जवळ आणि शिवणीची सव्वादोनशेच्या आसपास भरते. हातात घेऊन पाहिले तर हा फरक क्षुल्लक वाटेल, पण दोन बोटांच्या चिमटीला तो प्रत्येक पावलागणिक जाणवतो. शिसव दिसायला सर्वांत देखणी, झिजायला सर्वांत चिवट. तरीही खुंटीच्या रोजच्या खडावेसाठी मी ती सुचवणार नाही. सागवान पाणी सोसते, फारसे वाकत नाही आणि अंगच्या तेलामुळे किडीलाही दाद देत नाही, म्हणून शंका असेल तेव्हा सागवान घ्यावे. शिवण हलकी आणि सुकल्यावर आकार न सोडणारी असते. खुंटीसाठी माझी पहिली पसंती तिलाच आहे, फक्त खरबरीत फरशीवर तिचे खूर लवकर झिजतात. बैलगाडीच्या चाकांमुळे बाभळीचा चिवटपणा आपल्याकडच्या सुतारांना सांगावा लागत नाही, मात्र वजनामुळे ती पट्ट्याच्या खडावेलाच शोभते. आंबा स्वस्त आहे आणि त्याची कारणेही आहेत. पांगारा खेळण्यांना ठीक, पायाखाली नको.

बाजारातल्या तयार जोडांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शिसम आणि शिसव ही दोन वेगळी लाकडे आहेत. दोन्ही एकाच कुळातली असली, तरी तपकिरी शिसमावर गडद पॉलिश चढवून ते शिसवीच्या नावाने खपवता येते. शिसमही वाईट लाकूड नाही, पण शिसवीचे पैसे देऊन ते घेऊ नये. तयार जोडाची खरी उणीव आणखी वेगळी आहे: त्यातली खुंटी कोणत्या तरी सरासरी पायासाठी बसवलेली असते, आणि ती अर्धा सेंटीमीटर मागे-पुढे असली तरी टाच एक तर बाहेर लटकते किंवा मागे मोकळी जागा राहते. पट्ट्याच्या खडावेत एवढा फरक खपून जातो. म्हणून पट्ट्याची तयार घ्यावी, खुंटीची मात्र मापाने करवून घ्यावी.

लाकूड ओले की सुके, यावर सुतार सहसा आपण होऊन बोलत नाही. हॉलंडमधले लाकडी बूट विलो किंवा पॉप्लरच्या ओल्या लाकडातून कोरतात आणि नंतर सुकवतात, कारण बुटाची आतली पोकळी वाकड्या सुरीने काढायची असते आणि सुके लाकूड त्या सुरीला दाद देत नाही. आपली खडाव वरून उघडी असते, त्यामुळे ती सुक्या लाकडातून सहज तासता येते, आणि तशीच तासावी. मी साताऱ्यात करवून घेतलेला पहिला जोड घाईचा होता. कारागिराने नुकताच चिरलेला आंबा वापरला, आणि चैत्रात उन्हे तापली तशी उजवी खडाव खुंटीपासून टाचेच्या दिशेने बोटभर तडकली. लाकूड सुकताना लांबीत जवळजवळ आकसत नाही, पण रुंदीत आकसते; त्यामुळे गिरमिटाने पाडलेले गोल भोक लंबगोल होते, खुंटीला दोन बाजूंनी आवळते आणि खुंटी दबत नाही म्हणून तळ फाटतो. खुंटी ओली असेल तर उलट होते: ती बारीक होऊन डुगडुगू लागते. तळ मुरलेल्या लाकडाचा असावा आणि खुंटी त्याहूनही सुकी असावी, एवढे सुताराला बजावले तरी पुष्कळ झाले.

आपण कुठे राहता यावरही काही गोष्टी अवलंबून आहेत. पाटण-जावळीकडे पावसाळ्यात भिंतींना ओल सुटते. तिथे आंबा किंवा कोणत्याही लाकडाचा सालीलगतचा फिकट भाग वापरला तर बुरशी आणि भुंगा ठरलेलाच, म्हणून गाभ्याचे सागवान घ्यावे. जत-आटपाडीच्या कोरड्या हवेत किडीपेक्षा तडकण्याची भीती अधिक असते आणि शिवण तिथे चांगली टिकते. दोन्हीकडे व्हार्निश मात्र टाळावे. ओला पाय त्यावर सटकतो. जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात देऊन, प्रत्येक हात पुरता सुकू द्यावा. घरात गुळगुळीत फरशी असेल तर खुरांखाली रबराचे तुकडे लावून घ्यावेत, मग आवाज थोडा कमी झाला तरी चालेल.

माप देताना बसून देऊ नये. संध्याकाळी, पाय थोडा फुगलेला असताना, कागदावर पूर्ण वजन टाकून उभे राहावे, पावलाची कड आखून घ्यावी आणि अंगठ्याच्या बेचक्यात पेन्सिल उभी धरून खुंटीची खूण करावी. दोन्ही पायांची खूण वेगवेगळी घ्यावी, कारण ती बहुधा एकाच जागी येत नाही. जोड हाती आल्यावर पंधरा दिवस वापरून एकदा सुताराकडे परत न्यावा. पाचर थोडी आत ठोकून, खाली आलेले टोक कानशीने सपाट करून घ्यायला त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.